भाषण दुसऱ्यासाठी, तिकीट स्वतःला

शनिवार, रात्री साडेदहा

आई आत्ता झोपली. "नायगारा बघून झाला, आता घरी बसू दे" म्हणत होती, तरी आज तिला मेंटॉरला नेलंच. क्लीव्हलँडपासून गाडीने अर्धा तास. तिथे जेम्स गारफिल्डचं घर आहे. अमेरिकेचा विसावा राष्ट्राध्यक्ष. इतकी वर्षं ओहायोत काढून मीही पहिल्यांदाच गेले.

घराला लांबलचक ओसरी. आई म्हणाली, "हा तर वाडाच की!" १८८० च्या निवडणुकीत गारफिल्ड प्रचाराला फारसा बाहेर पडलाच नाही. लोकच आगगाडीने त्याच्या दारी यायचे आणि हा ओसरीवर उभा राहून बोलायचा. जर्मन मंडळी आली, तेव्हा चक्क जर्मनमध्ये बोलला.

परतताना गाडीत तिला शिकागोचं अधिवेशन सांगत होते, पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडला ते. मला त्या माणसाच्या लाकडी झोपडीपेक्षा, कालव्यातल्या बोटी ओढणाऱ्या खेचरांमागे चालण्यापेक्षा, कॉलेजात झाडू मारून फी भरण्यापेक्षा (तिथेच तो सव्विसाव्या वर्षी प्राचार्य झाला) तेच जास्त मजेशीर वाटतं.

जून १८८०. रिपब्लिकन पक्षात दोन तट. न्यूयॉर्कचा सिनेटर कॉंकलिंग, त्याच्या गटाला आधी दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेला ग्रँट तिसऱ्यांदा हवा, दुसऱ्या गटाला सिनेटर ब्लेन. गारफिल्ड गेला होता ओहायोच्या जॉन शर्मनचं नाव मांडायला. कॉंकलिंगने पत्रकारांच्या टेबलावर चढून सभा डोक्यावर घेतली. त्यानंतर गारफिल्ड उठला तो एकदम शांत. खवळलेला समुद्र मी पाहिलाय, म्हणाला, पण उंची-खोली मोजतात ती लाटांवरून नाही, शांत पाण्याच्या पातळीवरून. भाषण छान रंगलं, फक्त त्यात शर्मनचं नाव फार उशिरा आलं. "आपल्याला काय हवंय?" असं त्याने विचारलं आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "गारफिल्ड!"

जिंकायला प्रतिनिधींची ३७९ मतं हवी होती. पहिल्या फेरीत ग्रँट ३०४, ब्लेन २८४, शर्मन ९३. सोमवारी अठ्ठावीस फेऱ्या झाल्या, कोणी हलेना. मंगळवारी चौतिसाव्या फेरीत विस्कॉन्सिनने आपली सोळा मतं अचानक गारफिल्डला टाकली. तो उठून म्हणाला, माझ्या संमतीशिवाय माझ्या नावाला मत देण्याचा कोणाला अधिकार नाही. अधिवेशनाचे अध्यक्ष होर यांनी वाक्य पुरं होऊच दिलं नाही, खाली बसवलं. हा पुढे काही बोलून स्वतःचीच वाट बंद करेल, अशी भीती वाटली, असं त्यांनी नंतर लिहून ठेवलंय. छत्तिसाव्या फेरीत गारफिल्ड ३९९. ग्रँटची माणसं शेवटपर्यंत ढिम्म हलली नाहीत, ३०६.

आई म्हणाली, "त्याला खरंच नको होतं होय? आपल्याकडे तर 'मी इच्छुक नाही' म्हणणाऱ्यावरच आधी डोळा ठेवावा लागतो."

मला वाटतं, हवं होतं, पण त्या दिवशी नको होतं. शर्मनला शब्द दिलेला होता, आणि जानेवारीतच ओहायोच्या विधिमंडळाने त्याला सिनेटवर निवडून दिलं होतं, तेही शर्मनच्या पाठिंब्यावर. मनात मांडे खाल्ले असतीलच, कोण खात नाही? हा माणूस वर्षानुवर्षं रोजनिशी लिहायचा. मी इथे आईचा बीपी आणि भाजीचा हिशोब लिहिते.

घरातल्या ग्रंथालयाच्या तिजोरीखोलीत व्हिक्टोरिया राणीने अंत्यविधीला पाठवलेलं पुष्पचक्र आहे, मेणात बुडवून टिकवलेलं. मार्च १८८१ मध्ये शपथ, जुलैत गोळी लागली, सप्टेंबरात गेला. आई त्या फुलांपाशी बराच वेळ उभी होती.

घराजवळ आल्यावर तिने विचारलं, "आणि ज्याच्यासाठी भाषण केलं, त्या शर्मनचं काय झालं गं?"

हरतोय हे दिसल्यावर त्यानेच तार करून आपली माणसं गारफिल्डकडे वळवली, मी सांगितलं. आणि सिनेटची जी खुर्ची गारफिल्डला मिळाली होती, ज्यावर तो एक दिवसही बसला नाही, ती शर्मनला मिळाली.

"बघ," आई म्हणाली, आणि उतरायला सीटबेल्टचं बटण शोधू लागली.