क्रीटच्या खेड्यावर पहिलं पुस्तक लिहिताना: ओका, द्रामी आणि ‘मावेल तेवढं पीठ’

पहिला आराखडा मी विषयवार केला होता: तेल, रानभाज्या, कडधान्यं, दूधदुभतं, कष्ट, म्हातारपण. तीन प्रकरणं लिहून झाल्यावर तो मोडीत काढला. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या डोंगरी गावांत जुनी माणसं बाराही महिने एकसारखं जेवतच नव्हती. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचा नियम नीट पाळला तर वर्षातले १८० ते २०० दिवस मांस, अंडी, दूध, चीज बंद. त्यामुळे ‘ग्रीक माणूस चीज किती खातो’ याला एक उत्तर नाही, कुठल्या आठवड्यात विचारताय त्यावर ते अवलंबून. म्हणून पुस्तक पंचांगावर बेतलं, आणि बऱ्याचशा अडचणी तिथूनच सुरू झाल्या.

आधी शब्दाची अडचण. या पाळणुकीला ग्रीकमध्ये ‘निस्तीया’ म्हणतात. ‘उपवास’ लिहिलं की मराठी वाचकासमोर साबुदाण्याची खिचडी उभी राहते. निस्तीयात पाव, डाळी, भाज्या, ऑलिव्ह, तिळाचा हलवा पोटभर चालतो. ऑक्टोपस आणि शिंपले चालतात, कारण त्यांना रक्त नाही असं धरतात. मासे मात्र नेमलेल्या दिवशीच, आणि कडक पाळणाऱ्याला बुधवारी-शुक्रवारी तेलही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं सोडतात, त्याच्या जवळपासचा हा प्रकार. शेवटी ‘निस्तीया’ हाच शब्द ठेवला आणि पहिल्या प्रकरणात अर्धं पान त्यासाठी दिलं.

मग तारखा. ऑर्थोडॉक्स ईस्टर २०२४ मध्ये ५ मे रोजी होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला, २०२६ मध्ये १२ एप्रिलला. मोठी निस्तीया त्याच्या ४८ दिवस आधीच्या सोमवारी लागते, म्हणजे अनुक्रमे १८ मार्च, ३ मार्च आणि २३ फेब्रुवारी. रानभाजी मात्र पावसाकडे बघून उगवते, चर्चकडे बघून नाही. जूनच्या निस्तीयेची तर आणखी गंमत: ती संपते २८ जूनला, पण सुरू होते ईस्टरच्या हिशेबाने. २०२४ मध्ये ती आलीच नाही, २०२५ मध्ये १३ दिवसांची होती, २०२६ मध्ये २१ दिवसांची. तेव्हा ‘मार्चमधलं जेवण’ अशी प्रकरणं पाडता येत नाहीत. मी प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर दोन पट्ट्या छापल्या, वर शेतीचा महिना आणि खाली चर्चचा काळ. अधिक महिन्याची सवय असलेल्या आपल्या वाचकाला हे समजवावं लागत नाही.

सर्वांत जास्त वेळ मापांनी खाल्ला. ग्रीक आज्या पिठाचं माप सांगतात ‘ओसो पारी’, म्हणजे अगदी आपलं ‘मावेल तेवढं’. यावर उपाय एकच: मळायला घेण्याआधी पिठाचा डबा काट्यावर ठेवायचा आणि मळून झाल्यावर पुन्हा. २५० मिलि पाण्याला एका घरात ४३० ग्रॅम पीठ बसलं, दुसऱ्या घरात ४८०. दोन्हींची सरासरी काढून छापू नये, पल्ला छापावा. पीठ किती जाडं दळलंय यावरच तो फरक पडतो. ‘पाण्याचा पेला’ आणि ‘वाइनचा पेला’ ही मापंही घरागणिक बदलतात. प्रत्येक घरी तोच पेला पाण्याने भरून मापाच्या भांड्यात ओतून बघितला.

ऐंशीच्या पुढची माणसं अजून ओका-द्रामीत बोलतात. एक ओका म्हणजे ४०० द्रामी, १.२८२ किलो. आपला शेर गेला त्याच सुमाराला, १९५९ मध्ये, ओकाही गेला. इथे मी एक चूक केली होती, ती मुद्रितात सापडली. ओका हे वजनाचं माप, आणि तेल-वाइनसुद्धा ओक्यानेच मोजत. मी तेलाच्या ओक्याला १.२८ लिटर धरलं होतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून एक ओका तेल म्हणजे साधारण १.४ लिटर. कुटुंबाला वर्षाचं तेल किती लागायचं, याचे माझे सगळे आकडे त्यामुळे आठ-नऊ टक्क्यांनी कमी आले होते.

वाळवणाचं एक उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण कृती लिहिताना काय निसटतं ते त्यात दिसतं. ‘क्सिनोहोंद्रोस’ म्हणजे आंबट दुधात शिजवून वाळवलेली गव्हाची भरड. शेळी-मेंढीचं दूध मीठ घालून मातीच्या भांड्यात पाच-सात दिवस आंबवायचं, रोज एकदा ढवळायचं. चार लिटर दुधाला एक किलो भरड. दूध गार असल्यापासून मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. हात थांबला की चोथा-पाणी वेगळं होतं. डाव उभा राहील इतकं घट्ट झालं की उतरवून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी कापडावर सांडगे घालावेत तसे तुकडे तोडायचे आणि आठवडाभर उन्हात उलटसुलट करायचे. ही झाली सांगितलेली कृती. न सांगितलेल्या गोष्टी दोन. तुकडा अंगठ्यापेक्षा जाड असला तर वरून खडखडीत वाटतो, आत ओल राहते आणि बरणीत बुरशी येते. आणि पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध आपसूक आंबत नाही, कडवट होऊन नासतं. त्याला चमचाभर विरजण लावावंच लागतं. गावातल्या बाईला हे सुचायचं कारण नाही, तिच्याकडे पिशवीचं दूध कधी आलंच नाही. पुण्या-नाशिकच्या वाचकासाठी मी ‘मार्च ते मे’ असंही टाकलं.

भाज्यांनी सुखद धक्का दिला. ‘होर्ता’ म्हणजे उकडून, तेल-लिंबू घालून खायची पालेभाजी, आणि त्यातली ‘व्लीता’ म्हणजे माठाच्या जातीची भाजी, ‘ग्लिस्त्रीदा’ म्हणजे घोळ. ‘आनिथोस’ म्हणजे शेपू, ‘मावरोमातिका’ म्हणजे चवळी. परदेशी पाककृतींत हे सगळं परकं भासतं, मराठीत लिहिताना अर्धं पान ओळखीचं होतं. पण रानातून काय खुडावं, हे पुस्तकात दिलेलं नाही. गाजर-बडीशेपेच्या कुळातली, सॉक्रेटिसला दिलेली विषारी वनस्पती तिथे बांधाबांधावर उगवते, आणि कोवळेपणी फोटोवरून ती वेगळी काढता येत नाही.

‘फावा’ शब्दात मात्र सापळा आहे. इंग्रजीत त्या नावाने बाकला ओळखला जातो. ग्रीकमध्ये फावा म्हणजे पिवळी डाळ शिजवून घोटलेलं वरण. बाकल्याला ग्रीक लोक ‘कुकिया’ म्हणतात. हा घोळ आरोग्याच्या दृष्टीने महागात पडू शकतो. जी-६-पी-डी हे विकर कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी बाकल्याने फुटू शकतात, आणि अशी माणसं आपल्याकडेही आहेत. सांतोरिनी बेटाचा प्रसिद्ध फावा ज्या वेलीचा, ती आपल्या लाखोळी डाळीची बहीण. महिनोन्महिने लाखोळीवरच दिवस काढले की पाय लुळे पडतात, हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. दोन्ही ठिकाणी चौकट टाकली.

वयांबद्दल मी संशयी आहे. ‘आजोबा ९८ वर्षांचे’ हे वाक्य तसंच छापायचं नाही. सन विचारण्यापेक्षा प्रसंग विचारावा: २८ ऑक्टोबर १९४० ला इटलीशी युद्ध सुरू झालं तेव्हा शाळेत कितवीत होता? २० मे १९४१ ला जर्मन छत्रीधारी सैनिक उतरले तेव्हा शेळ्या कोण राखत होतं? आपल्याकडे पानशेत फुटलं आणि कोयनेचा भूकंप झाला यांवरून वय काढतात, तीच रीत. दोन प्रसंग आणि कागद यांत तीन वर्षांहून जास्त तफावत आली, तर वय गाळलं.

आरोग्याच्या दाव्यांसाठी मजकुरावर तीन रंग फिरवले. ‘खातात’ हे मी पाहिलेलं, ‘म्हणतात’ हे गावाचं, ‘आढळलं’ हे फक्त मोजणीचं. ‘मालोतीरा’चा डोंगरी चहा सर्दीवर घेतात, एवढंच लिहिलं, बरा करतो असं लिहिलं नाही. आहार आणि हृदयविकार यांच्या, १९५८ मध्ये सुरू झालेल्या सात देशांच्या पाहणीत क्रीटचे ६८६ पुरुष होते, ४० ते ५९ वयाचे. बाई एकही नाही. म्हणजे ज्यांच्या हातचं जेवण एवढं नावाजलं गेलं, त्यांच्या हृदयाबद्दल ती पाहणी काही सांगत नाही. त्याआधी १९४८ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने क्रीटची पाहणी केली, अहवाल १९५३ मध्ये आला. त्यात आपल्या जेवणावर समाधानी असलेली कुटुंबं थोडी होती, आणि बहुतेकांना हवं होतं ते मांस. हे परिच्छेद काढा, पुस्तक खिन्न होतं, असा सल्ला मिळाला. काढले नाहीत. डोंगर चढणं, भूक आणि निस्तीया वगळून नुसती तेलाची बाटली विकणारं पुस्तक मला लिहायचं नव्हतं.

छपाईचं थोडक्यात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात फुकट मिळतो, दलाल लागत नाही. मजकूर युनिकोडमधून डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ हमखास मोडतात; ‘दुसऱ्या’, ‘ॲथेन्स’ असे शब्द प्रत्येक फॉर्ममध्ये शोधून बघावेत. ग्रीक शब्दांची एकच यादी करून ती अक्षरजुळणी करणाऱ्याला आधीच द्यावी. मी ती उशिरा दिली, त्यामुळे पहिल्या मुद्रितात ‘होर्ता’, ‘खोर्ता’ आणि ‘कोर्टा’ अशा तीन भाज्या होत्या. सूचीत मात्र दोन्ही नावं मुद्दाम ठेवली आहेत: ‘व्लीता’ पाहिलं तर ‘माठ’कडे जा म्हणतं, आणि ‘माठ’खाली पान ६२.