मुनिया क्रमांक ४ : चोच दिसली!

दिसली! दारात चपला काढता काढता, आठ-दहा फुटांवरून दिसली. पैठणीत असते तशी मुनिया, म्हणजे छोट्या पोपटाची नक्षी, मी घरी चौकटीवर विणतेय. मागच्या वेळी तिसरी मुनिया उसवल्याचं लिहिलं, तेव्हा चौकट माळ्यावर टाकायच्या बेतात होते. काल शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "अगं बाई, पोपटाला चोच आली की!" त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. दिवसभर मी त्याच एका वाक्यावर होते.

दुखणं तुम्हाला माहीत आहेच. जरीच्या जमिनीवर, म्हणजे पार्श्वभूमीवर, पानासारखी हिरवी मुनिया आणि लाल चोच. इंचाला २४ ताणे (उभे धागे), चोच दोन ताण्यांची, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. हातात धरलं की लाल झकास. चौकट भिंतीला टेकवून मागे सरलं की तिथं नुसता तपकिरी डाग. आधी रेशमाला दोष दिला, मग रंगाला. तीनदा लाल बदलला, दर वेळी आधीपेक्षा भडक. दुकानदाराला फोन करून "तुमचं लाल कच्चं आहे" इथपर्यंत बोलले. ते शब्द परत घेते, त्यांना तसं कळवलंही. कारण उसवलेला धागा तळहातावर घेतला तर लालभडक! मग विणल्यावर त्याला होत काय होतं?

पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत असाच घोळ झाला होता. शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख झाले. काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं तर काळ्यात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो फिका दिसत होता. त्यावरचं त्यांचं पुस्तक १८३९ मध्ये आलं. पण विरोधी रंग शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात, या त्यांच्या नियमाने हिरव्याशेजारी लाल उलट जास्त पेटायला हवा. मी दोन-दोन इंचांचे पट्टे विणून पाहिले. पेटतो, अगदी डोळ्यांत घुसतो. मग तोच लाल, त्याच हिरव्याशेजारी, चोचीत का मरतो? या प्रश्नावर आठ दिवस गेले.

उत्तर भाच्याच्या हातून आलं. त्याने चौकटीचा फोटो काढला आणि खेळता खेळता कृष्णधवल केला. फोटोत चोच नव्हतीच! अंग आणि चोच एकाच राखाडीत विरघळले होते. माझा लाल आणि माझा हिरवा, दोघांचा उजळपणा सारखा. आपली नजर बारीक तपशील पकडते तो मुख्यतः उजळ-गडद फरकावरून. नुसत्या रंगाच्या फरकाला तिची पकड ढोबळ आहे. मोठ्या पट्ट्यात रंगाचा फरक पुरतो. दोन मिलिमीटरच्या चोचीत लांबून तो पुरत नाही, लाल-हिरवं मिसळतं आणि तपकिरी दिसतं. मी भडकपणा वाढवत बसले होते आणि कमतरता होती गडदपणाची.

मग मावशीची जुनी पैठणी भिंग लावून पाहिली. तिच्या पदरातल्या मुनियांची चोच मला आठवत होती त्याच्या कितीतरी गडद निघाली, जवळजवळ डाळिंबाच्या सालीची. वर अंगाभोवती एक काळपट रेघ. इतकी वर्षं तो पदर हाताळला, पण ती रेघ कधी नजरेत आली नव्हती.

चौथ्या मुनियेत तेच केलं. लाल दोन छटा गडद, चोच आणि गाल यांच्यामध्ये मोतिया रंगाचे दोनच बाणे (आडवे धागे). प्रत्येक बाण्याला तीन तिल्ल्या (धागा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या) बदलायच्या आणि सांधे गुंतवायचे, मान अवघडली. पण मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ आली, हे मुद्दाम सांगते, कारण पहिल्या मुनियेची मागची बाजू मी तुम्हाला दाखवली नव्हती.

जरीबद्दल थोडं. सुरतेहून मागवलेली टेस्टेड जर (तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली) आणि स्वस्तातली प्लास्टिकची जर शेजारी लावून पाहिल्या. प्लास्टिकची कुठूनही सारखीच चमकते आणि शेजारचे रंग खाऊन टाकते. टेस्टेड जर कोन बदलला की अंधारते, मग हिरवा वर येतो. महाग पडली तरी मी तीच घेणार.

काल संध्याकाळी लाइट गेली. नेहमीसारखं मेणबत्ती शोधायला उठले आणि चौकटीकडे लक्ष गेलं. मावळत्या उजेडात चोच काळी ठिक्कर आणि हिरवं अंग उलट उजळ! अंधारू लागलं की डोळा लाल आधी सोडतो आणि हिरवा-निळा धरून ठेवतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे टिपलं होतं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. म्हणजे गडद चोच संध्याकाळी आणखी ठळक होते. तिन्हीसांजेच्या मंद उजेडात मिरवायच्या लुगड्याला याहून चांगलं काय हवं? अर्धा तास अंधारात तशीच बसून राहिले.

पुढचा बेत जांभळ्या जमिनीवर गुलाबी कमळाचा होता, धागा रंगवूनही ठेवलाय. पण हे लिहिता लिहिता उठून दोन्ही लडींचा कृष्णधवल फोटो काढला, तर तिथंही तेच, दोन्ही एकाच राखाडीत! त्यामुळे कमळ थांबवलं. आधी एकाच राख रंगाच्या धाग्याचे चौकोन पाच वेगवेगळ्या जमिनींवर विणणार, शेजारच्या रंगाने तो किती वेगळा दिसतो ते बघायला. जांभळी, मोरपंखी, शेंदरी, काळी आणि पाचवी जरीची. नाही, जर नको, ती कोनाबरोबर बदलते, तुलना फसेल. तिच्या जागी हळदी.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी चंद्रकळा असेल तर काठाचा कृष्णधवल फोटो नक्की काढा. काळ्याशेजारचा लाल त्यात किती वेगळा उठतो, ते मला बघायचंय.