आंबा घाट चढून आलो आणि पांढरी गाडी ठिपक्यांची झाली

आधीच सांगतो, गणपतीपुळ्याचं, समुद्राचं, उकडीच्या मोदकांचं वर्णन वाचायला आला असाल तर ते यात नाही. दोन दिवस झकास गेले, विषय संपला. हे सगळं कोल्हापूरला परतीच्या वाटेवरच्या जेमतेम दीड-दोन किलोमीटरबद्दल आणि त्यापायी गाडीवरचं डांबर काढण्यात घालवलेल्या दोन संध्याकाळींबद्दल आहे, आत्ता टाईप करताना पण खांदा ठणकतोय.

निघताना पार्किंगमध्ये आपल्याकडचाच एक गाडीवाला भेटला, म्हणाला, "मलकापूरच्या पुढं नवा कोरा रस्ता केलाय भावा, नुसतं लोणी." लोणीच होतं, फक्त काळं. हातखंबा, पाली, साखरपा, घाट, सगळं निवांत झालं. मलकापूर सोडून बांबवड्याकडं येताना रुंदीकरणाचं काम, एकच बाजू चालू, ना झेंडेवाला ना बोर्ड, आणि टँकरनं नुकताच डांबराचा फवारा मारलेला. मला ते तपकिरी दिसलं म्हणून चिखलपाणी समजून साठच्या स्पीडनं घातली गाडी, चाकाखालनं चर्रचर्र आवाज यायला लागला तेव्हा टाळकं चाललं, पण मागनं एसटी हॉर्न मारतेय, थांबायचं कुठं.

तर पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा. फवाऱ्याचं डांबर पाण्यात कालवलेलं असतंय, ताजं असताना तपकिरी दिसतंय आणि पाणी सुटलं की काळं होऊन चिकटतंय. तपकिरी असतानाच कुठं पाईप मिळाला आणि मारलं पाणी तर बरंचसं निघून जातंय. आम्ही काय केलं, वाघबीळला थांबून अर्धा तास चहा-भजी खाल्ली, गाडी भर उन्हात. झालं पक्कं. आणि ओलं डांबर दिसलं की वीसच्या वर जाऊ नका, पुढच्या गाडीपासनं लांब राहा, मागचा हॉर्न मारून मारून दमू दे.

कोल्हापुरात शिरलो तोवर दोन्ही बाजूंचे दरवाजे खालनं आणि मागचा बंपर, मशेरी लावल्यासारखं. दमलेलो, डोकं चालत नव्हतं, तसाच एका वॉशिंग सेंटरला गेलो, नाव लिहीत नाही. "डांबर ट्रीटमेंट, अठराशे." ट्रीटमेंट! आत जाऊन बघतोय तर पोरगं डबड्यातलं थिनर चिंधीवर घेऊन खसाखसा घासतंय. कंपनीत भट्टीत भाजलेला रंग थिनरला थोडा वेळ तरी तग धरतोय, पण माझा मागचा बंपर गेल्या उन्हाळ्यात गॅरेजला रंगवलेला, त्याचा रंग चिंधीवर आला. भांडलो, पाचशे देऊन गाडी अर्धवट बाहेर काढली. तेवढे पण द्यायला नको होते. डांबरासाठी वॉशिंग सेंटरला जायचं असलं तर आधी बाटली बघायला मागा, बाटलीवर लेबल नसलं तर गाडी वळवा.

मग प्रत्येकाचा सल्ला. मामा म्हणाले रॉकेल. रॉकेलनं डांबर सुटतंय हे खरं, पण आता मिळतंय कुठं, आणि मागं तेलकट थर राहतोय त्यावर धूळ बसती. पेट्रोल तर नकोच, भिजायच्या आत उडून जातंय, म्हणून आपण जास्त घासतो, आणि आगीचं भ्या वेगळंच. आईनं खोबरेल तेल काढून दिलं, हसू नका, एका ठिपक्यावर लावून दहा मिनिटं ठेवलं तर मऊ झाला की. पण ठिपके शेकड्यानं, खोबरेल किती ओतणार.

शेवटी दुकानातनं टार रिमूव्हर, म्हणजे डांबर विरघळवायचं औषध, आणला, साडेतीनशेची बाटली. दुकानदार आधी आयर्न रिमूव्हर गळ्यात मारत होता, जांभळा होतोय बघा म्हणून. ते ब्रेकच्या लोखंडी धुळीसाठी असतंय, डांबराला त्याचा काडीचा उपयोग नाही. टार रिमूव्हर पातळ पाण्यासारखा घेऊ नका, उभ्या दरवाज्यावरनं सरळ खाली पळतोय. जरा दाटसर असला तर जाग्यावर थांबतोय. संत्र्याच्या वासाचे पण असतात, ते जरा सावकाश काम करतात पण नाकाला बरे.

वापरताना गाडी सावलीत आणि पत्रा गार पाहिजे, तापलेल्या पत्र्यावर वाळून डाग पडतोय. आधी पाण्यानं माती काढा, नाहीतर खड्यांनीच ओरखडे. मग एकावेळी अर्धा दरवाजा, मारायचं आणि एक-दोन मिनिटं गप बसायचं, ठिपक्यातनं तपकिरी ओघळ सुटला की समजा काम झालं, आता मायक्रोफायबरनं हलकं उचलून घ्या. घासायचं नाही. कापडाची घडी सारखी पलटा, तेच काळं तोंड परत फिरवलं की गाडीभर काजळ. मी सहा कापडं घालवली. नखानं, ब्लेडनं खरवडायचं तर नावच काढू नका. काळ्या प्लॅस्टिकवर, रबरावर, नव्यानं रंगवलेल्या भागावर आधी कोपऱ्यात बघा, हेडलाईटच्या काचेवर नकोच, ते प्लॅस्टिक असतंय. ब्रेकच्या डिस्कवर एक थेंब उडू देऊ नका. हातात ग्लोव्हज घाला, आणि शेजारी उभं राहून सिगरेट ओढणाऱ्याला हाकला.

शेवटी शाम्पूनं धुऊन परत वॅक्स मारावं लागतंय, कारण डांबराबरोबर जुनं वॅक्स पण जातंय. मला कंटाळा आला, एकच बाजू मारली.

आठवड्याच्या आत रिमूव्हर मारलात तर सोपं निघतंय. चाकाच्या वरच्या पोकळीत आतनं अजून डांबर आहे, ते राहू दे, कोण बघतंय. बंपर परत रंगवायला गॅरेजवाला अडीच हजार सांगतोय. पुढच्या महिन्यात पावसला लग्नाला त्याच रस्त्यानं जायचंय, पाण्याचा वीस लिटरचा कॅन आत्ताच डिकीत टाकून ठेवलाय.