एकाच संगणकावर टॉमकॅटच्या दोन प्रती : माझा अनुभव

आमच्या पतसंस्थेची कर्जखाती ज्या प्रणालीवर चालतात ती टॉमकॅट ९ या, जावातल्या प्रणाली ब्राउझरमध्ये उघडून देणाऱ्या, सर्व्हरवर आहे. नव्या कर्मचाऱ्यांच्या सरावासाठी तिचीच दुसरी प्रत त्याच संगणकावर हवी होती. फोल्डरची नक्कल करून, डेटाबेस वेगळा जोडून, 'सर्व्हर.एक्सएमएल' या सेटिंगच्या फाइलमध्ये ८०८० च्या जागी ८०८१ हे पोर्ट (प्रणालीशी जोडणी होण्याच्या दाराचा क्रमांक) लिहिण्याचे काम चहा निवायच्या आत उरकले.

घोडे अडले ते पुढे. सरावाच्या फोल्डरमधली 'स्टार्टअप.बॅट' ही टॉमकॅट सुरू करणारी फाइल चालवली की काळी खिडकी उघडून क्षणात मिटायची. त्या प्रतीच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, नवी ओळही पडत नसे, मात्र मूळ प्रतीच्या लॉगमध्ये '८०८० आधीच वापरात आहे' अशी नोंद व्हायची. शेवटी तीच फाइल कमांड प्रॉम्प्टमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) चालवली, तेव्हा 'युझिंग कॅटॅलिना_होम' या ओळीपुढे मूळ फोल्डरचा पत्ता दिसला आणि उलगडा झाला. प्रणाली बसवणाऱ्या पुरवठादाराने कॅटॅलिना_होम हे, टॉमकॅटचा फोल्डर कोणता ते सांगणारे, व्हेरिएबल साऱ्या संगणकासाठी ठरवून ठेवले होते, आणि ते ठरलेले असले की 'स्टार्टअप.बॅट' स्वतः कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे पाहतच नाही. ते काढायला लागणारा ॲडमिन पासवर्ड पुरवठादाराकडेच होता. फोन केला की 'तिकीट नोंदवा', तिकीट नोंदवले की 'चालू सिस्टिमला हात लावू नका' असे उत्तर मिळे. जणू मी तिजोरीची किल्लीच मागत होतो.

अखेर त्यांच्यावाचून काम झाले, याचे समाधान काही औरच आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये सरावाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'सेट कॅटॅलिना_होम=' एवढेच, बरोबरच्या चिन्हापुढे काहीही न लिहिता, द्यावे आणि त्याच खिडकीतून प्रत सुरू करावी; हा बदल तेवढ्या खिडकीपुरताच राहतो. हीच ओळ 'सेटएन्व्ह.बॅट' या, सुरू होताना टॉमकॅट वाचतो त्या, सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून उपयोग नाही, कारण ती फाइल शोधण्यासाठीच हे व्हेरिएबल आधी वाचले जाते.

पोर्ट बदलताना ८००५ हेही बदलावे, मी ८००६ केले. ते बंद करण्याच्या आज्ञेचे पोर्ट असल्यामुळे तसेच राहिले, तर मूळ प्रत चालू असताना सरावाची प्रत सुरू होऊन लगेच बंद पडते, आणि तिला बंद करण्याची आज्ञा द्यावी तर भर कामाच्या वेळी मूळ प्रतच बंद पडते.

दोन्ही प्रती एकाच ब्राउझरमध्ये उघडल्या की एकीत लॉग-इन करताच दुसरीतून बाहेर पडायला होते, कारण कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली लॉग-इनची खूण, पोर्टचा भेद मानत नाही. म्हणून एक 'लोकलहोस्ट' या नावाने आणि दुसरी १२७.०.०.१ या पत्त्याने उघडावी; दोन्हींचा अर्थ 'हाच संगणक', पण कुकीच्या लेखी ती वेगळी ठिकाणे.