मींडेच्या कसोटीवर करवती ऑसिलेटर

बेळगावात घरी चाललेल्या माझ्या डिजिटल सिंथेसायझरच्या कामात करवती तरंगाचा, म्हणजे सॉटूथचा, ऑसिलेटर (स्वराचा मूळ तरंग घडवणारा भाग) आता ऐकवण्याजोगा झाला आहे. ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड, आकड्यांचा आवाजी सिग्नल करणारा पीसीएम५१०२ डॅक आणि ४८,००० हर्ट्झचा सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला तरंगाचे ४८,००० नमुने (सॅम्पल), ही मांडणी पूर्वीचीच आहे. बदलले आहे ते तरंग घडवण्याचे गणित आणि ते तपासण्याची रीत. या दोहोंत मला रीत अधिक महत्त्वाची वाटते.

करवती तरंगात मूळ स्वराच्या सगळ्या पटींचे हार्मोनिक, म्हणजे दुप्पट, तिप्पट अशा वारंवारतेचे उपस्वर, असतात. दहाव्याची उंची मूळ स्वराच्या एक दशांश, विसाव्याची एक विसांश, अशी ती घटत जाते, पण संपत नाही. फेज, म्हणजे फेरीतली जागा, ० ते १ वाढवत नेऊन एकदम खाली आणणारा साधा कोड लिहिला, की सॅम्पलिंग रेटच्या निम्म्याच्या, म्हणजे २४,००० हर्ट्झच्या वरचे हार्मोनिक नाहीसे न होता त्या मर्यादेवरून उलटे फिरतात. २,०९३ हर्ट्झच्या स्वराचा बाविसावा हार्मोनिक ४६,०४६ वर असायला हवा. तो १,९५४ वर, म्हणजे मूळ स्वराच्या अगदी शेजारी येऊन बसतो. तेविसावा १३९ हर्ट्झवर उतरतो आणि तारसप्तकाच्याही वरच्या स्वराखाली घरघर सुरू होते.

सिंथेसायझर बनवणाऱ्या आपल्यापैकी बरेच जण तपासणीसाठी १,००० हर्ट्झचा स्वर लावतात. पण ४८,००० ला १,००० ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे परतलेले सगळे घटक खऱ्या हार्मोनिकांवरच बसतात आणि स्पेक्ट्रम स्वच्छ दिसतो. मींड घेतली की हे झाकलेले सारे उघडे पडते, कारण मूळ स्वर २,०९३ वरून जेमतेम २,१०० वर सरकतो, तेवढ्यात तो बाविसावा घटक १,९५४ वरून १,८०० पर्यंत घसरतो. शहापुरातल्या एका गायक मित्राला जुना ऑसिलेटर ऐकवला, तेव्हा कोडविषयी काहीही माहिती नसताना ते लगेच म्हणाले, “वर जाताना खालनं कायतरी उतरायलंय बघा.” हार्मोनिक असे उलटे परतण्याचे, म्हणजे अलायझिंगचे, याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक बदल मी सावकाश मींडेवरच तपासतो.

याच कारणाने वेव्हटेबलचा, म्हणजे तरंगाची एक फेरी आधीच काढून साठवण्याचा, मार्ग मी बाजूला ठेवला. प्रत्येक सप्तकासाठी वेगळे टेबल ठेवता येते, पण मींड सप्तकाची सीमा ओलांडते तेव्हा स्वराचा पोत बदललेला कळतो. तो लपवायला दोन टेबलांचे मिश्रण करावे लागते. त्याऐवजी वेसा वॅलिमाकी आणि अंती हुओविलाइनेन यांनी २००७ मध्ये मांडलेली पॉलीब्लेप पद्धत घेतली. तिच्यात उडीच्या, म्हणजे तरंग एकदम खाली येतो त्या जागेच्या, आधीचे एक आणि नंतरचे एक अशी दोनच सॅम्पल दुरुस्त करायची असतात. फेज ‘फ’ आणि दर सॅम्पलची वाढ ‘व’ धरली, तर फ हा व पेक्षा लहान असताना फ÷व ला ‘क’ मानून २क − क² − १ ही दुरुस्ती तरंगातून वजा करायची; फ हा १ − व च्या पुढे गेला असेल, तर (फ − १)÷व ला क मानून क² + २क + १ वजा करायचे. या बोर्डावर भागाकार महाग पडतो, म्हणून १÷व ही किंमत दर सॅम्पलला न काढता स्वर बदलतो तेव्हाच काढून ठेवली आहे. मींडेत ती दर ३२ सॅम्पलांनी ताजी होते.

परिणाम एकसारखा नाही. ही दुरुस्ती सॅम्पलिंग रेटच्या आसपासचे घटक सर्वांत जास्त दाबते, त्यामुळे १,९५४ वरचा तो घटक आणखी ५५ डेसिबलने खाली जातो आणि १३९ ची घरघर ऐकूच येत नाही. सतरावा हार्मोनिक मात्र ३५,५८१ वरून १२,४१९ वर उतरतो आणि तो फक्त २० डेसिबलने कमी होतो. शिवाय १२,००० हर्ट्झपाशी खरा आवाजही सुमारे २ डेसिबलने मंदावतो. हार्मोनियमच्या पट्टीत हे मला मान्य आहे, कारण तिथे परतणारे हार्मोनिक मुळातच बारीक असतात. अतितारात मात्र दुप्पट रेटवर तरंग काढून गाळणीतून खाली आणण्याचे काम करावेच लागेल.

चौकोनी तरंग अर्ध्या फेरीने सरकवलेल्या दोन करवती वजा करून मिळाला, त्यात विशेष काही नाही. हार्ड सिंक, म्हणजे मुख्य ऑसिलेटरची फेरी संपताच दुसऱ्याची फेरीही सुरुवातीला आणणे (रीसेट), बाकी आहे: तिथे उडी कोणत्याही उंचीवर पडते, त्यामुळे दुरुस्तीला त्या उडीच्या मापाने गुणावे लागते, आणि रीसेट दोन सॅम्पलांच्या मधल्या नेमक्या कोणत्या क्षणी झाला हे मुख्य ऑसिलेटरच्या फेजवरून काढावे लागते. सध्या तोच कोड लिहीत आहे.