वॉर फोटोग्राफर, पण कुठली?

मी इंग्लंडमधे एका सरकारी शाळेत सेकंडरीला इंग्लिश शिकवते, अकरा वर्षं झाली. भारतातल्या लोकांना एक गोष्ट सांगितली की पटकन खरी वाटत नाही, ती म्हणजे इथे अख्ख्या शाळेला मिळून एक बोर्ड नसतं. एक्यूए, पिअर्सन एडेक्सेल, ओसीआर, एज्युकास अशी बोर्डं आहेत आणि शाळा दर विषयाला वेगळं निवडू शकते, मॅथ्स एकाचं, इंग्लिश दुसऱ्याचं. जीसीएसई म्हणजे आपल्या दहावीसारखं, पण तयारी दोन वर्षांची, इयर टेन आणि इलेव्हन. म्हणून बोर्ड बदलायचं तर इयर टेन सुरू होतानाच.

आम्ही इंग्लिशचं बदललं. इंग्लिश म्हणजे इथे दोन विषय, लँग्वेज आणि लिटरेचर. बदलूया म्हणणाऱ्यांत मी पुढे होते आणि ते मत अजूनही तसंच आहे. आमच्या मुलांचा लँग्वेजचा पेपर वेळेत पुरा होत नव्हता, शेवटचा मोठा लेखनाचा प्रश्न अर्धाच राहायचा, आणि लँग्वेजमधे ४ ग्रेड (१ ते ९ असतात, ९ सगळ्यात वरचा) नाही आला तर इथे सोळाव्या वर्षानंतरही तोच विषय परत घेऊन बसावं लागतं. तर सगळी चर्चा लँग्वेजचीच झाली. लिटरेचर फक्त मागून आलं, कारण दोन्ही एकाच बोर्डाचं असलेलं बरं. आमच्यात एक बाई आहेत, जुन्या बोर्डाचे पेपर दर जूनमधे तपासायच्या, उत्तर नुसतं डोळ्याखालून घातलं की लेव्हल, म्हणजे मार्कांचा टप्पा, सांगतात. मीटिंगमधे त्या गप्प बसल्या. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि ते आमचं चुकलं.

आता कवितांचं. प्रत्येक बोर्डाचा स्वतःचा संग्रह असतो, आमच्या दोन्ही संग्रहांत १५-१५ कविता. २०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या या कोर्समधे कोर्सवर्क नाही आणि पुस्तक परीक्षेत नेता येत नाही. एक कविता छापून देतात, दुसरी मुलाने आठवणीतून आणायची आणि दोन्हींची तुलना करायची. म्हणजे पंधराही कविता डोक्यात पाहिजेत.

सगळे घाबरले होते म्हणून मी एका संध्याकाळी बसून दोन्ही संग्रहांचा तक्ता केला, सारख्या कविता हिरव्या. वर्ड्सवर्थच्या द प्रेल्यूडमधला उतारा, टेनिसनची लाइट ब्रिगेड, ओवेनची एक्स्पोजर, पॉपीज आणि वॉर फोटोग्राफर. पाच. घरी मोठ्या भावंडांच्या नोट्स असतील तर या पाचांना चालतील अशी ओळ खाली टाकली, छापून सगळ्या वर्गांना वाटलं, मुलांनी वहीत चिकटवलं.

चारच सारख्या होत्या. वॉर फोटोग्राफर नावाच्या कविता दोन आहेत. जुन्या संग्रहातली कॅरोल अ‍ॅन डफीची, जी पुढे २००९ ते २०१९ पोएट लॉरिएट, म्हणजे ब्रिटनची राजकवी होती. नव्यातली कॅरोल सत्यमूर्तीची. नाव एक, कवयित्रींची पहिली नावंसुद्धा जवळपास एक, आणि मी फक्त यादी बघितली होती, कविता उघडलीच नव्हती. डफीचा फोटोग्राफर घरी परत आलाय, डार्करूमच्या लाल उजेडात फिल्म धुतोय. सत्यमूर्तीचा रस्त्यावर उभा आहे, कडेवर बाळ घेऊन धडपडत चाललेल्या छोट्या मुलीचा फोटो काढतो, पुढच्या क्षणी बॉम्ब पडतो, मुलगी बाळ टाकून पळते, पण पेपरात छापून येतं ते तिचं अर्धवट हसू.

आठवड्याने लक्षात आल्यावर मी तक्ता सुधारला, शेअर्ड फोल्डरमधे टाकला, माझ्या वर्गांना सांगितलं. पण एका वर्गाला तेव्हा अर्धी टर्म कायमचा शिक्षकच नव्हता, रोज नवा सप्लाय टीचर, म्हणजे बदली शिक्षक यायचा. त्या वर्गापर्यंत दुरुस्ती पोचली की नाही हे मी पाहिलं नाही.

डिसेंबरमधे इयर इलेव्हनच्या मॉक, म्हणजे सराव परीक्षा झाल्या. आम्ही आधी काही पेपर नावं झाकून सगळ्यांनी तपासतो आणि मार्क जुळवतो. छापलेली कविता होती एक्स्पोजर. एका मुलाने तिच्यासमोर वॉर फोटोग्राफर घेतली होती. डफीची. खंदकात थंडीने गोठणारे सैनिक आणि डार्करूममधे एकटा माणूस, दोघंही वाट बघतायत, एक काहीतरी घडण्याची, दुसरा चेहरा कागदावर उमटण्याची, असं त्याने लिहिलं होतं. वाट बघण्याबद्दलचं ते वाक्य मी तरी कुठल्या गाईडमधे वाचलेलं नाही.

२० मार्कांचा प्रश्न. मी १७ लिहिले. आमच्या डिपार्टमेंटच्या हेडने ७.

तिचं म्हणणं, ही कविता संग्रहात नाही, म्हणजे परीक्षकाच्या लेखी त्याने एकाच कवितेवर लिहिलंय, आणि तुलना नसेल तर वरच्या लेव्हल बंद. मॉकमधे खोटा मार्क दिला तर मे महिन्यात तो हेच लिहून येईल. मी म्हटलं, चूक माझ्या तक्त्याची आहे. ती म्हणाली, म्हणूनच तू देऊ नकोस. त्या जुन्या परीक्षक बाई तेवढंच बोलल्या की जुन्या पेपरात याला वरची लेव्हल होती. ७ राहिले.

मुलाला मी दुपारच्या सुट्टीत बोलावलं. त्याने बॅगेतून बहिणीची बुकलेट काढली, स्टेपल केलेली, कोपरे कापडासारखे मऊ झालेले. कव्हरवर तिचं नाव खोडून त्याने स्वतःचं लिहिलं होतं. आत डफीच्या कवितेत लाल रंगाच्या शब्दाभोवती तिने दोनदा पेन्सिल फिरवून बाजूला लिहिलं होतं, दिवा आणि रक्त दोन्ही. तिला ८ ग्रेड मिळाला होता. मला एकदम आमचं घर आठवलं, दादाची बालभारती, त्याच्या अक्षरातले शब्दार्थ, आणि माझ्या वर्षी अभ्यासक्रम बदलल्यावर आईने ते सगळं रद्दीवाल्यासमोर ठेवलं तेव्हाचं तिचं तोंड. हे माहीत असलेली डिपार्टमेंटमधे मी एकटी होते बहुतेक.

मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "इट्स ओके मिस, पण मग ही दुसरी कुठे आहे?"

तीन दुपारी बसलो आम्ही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, हा रस्त्यावरचा आणि तो डार्करूममधला एकच माणूस असेल का, आधी फोटो काढला आणि मग घरी येऊन धुतला? मी म्हटलं परीक्षेत असं लिहू नको. मग दिवसभर वाटत राहिलं की हे कशाला बोलले.

परवा तो बुकलेट दाखवायला आला. डफीच्या पानावर त्याने सत्यमूर्तीची कविता चिकटवली आहे, फक्त वरच्या कडेला गोंद लावून, म्हणजे उचललं की खाली बहिणीची पेन्सिल दिसते.