एकट्यानं बरं वाटलं

"एकट्यानं फिरायला बरं वाटलं." एवढंच म्हणाला शिरीष आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. त्यातून त्याला काही सुचवायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. टोचून बोलणं त्याच्या स्वभावात नाही. राग आला की तो गप्प बसतो. म्हणूनच तर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. तो केव्हाच झोपलाय. क्रीट या ग्रीक बेटावरच्या हानिया शहरातल्या या खोलीला वीतभर गॅलरी आहे, तिथे बसून लिहितेय.

फालासार्ना मी निवडलं होतं. क्रीटचं अगदी पश्चिमेचं टोक, समोर आडवं बेट नाही की डोंगर नाही, सूर्य थेट पाण्यात उतरतो. ताई म्हणालीच होती, मावळतीचा सूर्य बघायला एवढे पैसे? हर्णैला काय पूर्वेला मावळतो? तिला काय सांगणार! हर्णैला तिन्हीसांजेला आम्ही कधी बसून राहिलोय? आणि या वर्षी मला दिवसभर फक्त बसायचं होतं, त्याच्याबरोबर. मार्चनंतर त्याला कुठेतरी न्यायचंच होतं.

प्लातानोस गाव मागे पडलं की रस्ता वळणं घेत उतरतो आणि खाली आधी दिसतात टोमॅटोची हरितगृहं, प्लास्टिकच्या कळकट पांढऱ्या रांगा. त्यांच्यापलीकडे समुद्र. इतका निळा की मी गाडी थांबवायला लावली. शिरीष म्हणाला, "पार्किंग मिळणार नाही मग." मिळालं. छत्री आणि दोन खाटा घेतल्या. सप्टेंबर लागला तरी गर्दी होती आणि वाराही होता. पोटऱ्यांवर वाळू सुयांसारखी बसत होती. आमच्या खाटांच्या मागे, कोरड्या वाळूतच, पांढरी फुलं उगवलेली. सहा अरुंद पाकळ्या आणि मध्ये पेला, आपल्याकडच्या लिलीसारखी. मातीचा कण नाही, पाणी नाही, आणि वास असा की वाळूत गुडघे टेकून हुंगत बसले. त्याला हाक मारली, तर तो उत्तरेच्या टेकडीकडे बघत होता.

"जरा बघून येतो," म्हणाला आणि गेला. फोन पिशवीतच. मला विचारलं नाही. मी गेले असते असंही नाही, ऊन फार होतं. पण विचारायचं तरी!

एक तास मी मजेत काढला. नंतर चिडले. त्यानंतर काळजी सुरू झाली, ती काळजी, जिच्याबद्दल मुक्ता म्हणते की आई, आता पुरे. ऊन, गोळी, टोपी नेली का, पाय घसरला तर. शेवटी रस्त्यापर्यंत जाऊन उभी राहिले. तेव्हा तो येताना दिसला. हात हलवत, जवळजवळ धावत. भुवयांवर मिठाची पांढरी रेघ, पायजम्याला काटे. किती महिन्यांनी असा चेहरा बघितला. आणि मग ते वाक्य.

पुढे अर्धा तास तो बोलत होता आणि मी निम्मंच ऐकत होते. टेकडीच्या पायथ्याशी जुन्या फालासार्नाचं बंदर आहे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. बंदर म्हणजे कोरडी जमीन! धक्क्याच्या भिंती आहेत, बुरुज आहे, दोर बांधायची भोकं असलेले दगड आहेत, आणि समुद्र तिथून शंभरेक मीटर लांब. "समुद्र कुठे गेला नाही गं, जमीनच वर आली," हे त्यानं दोन्ही तळवे उचलून दाखवलं. इसवी सन 365 मध्ये असा भूकंप झाला की क्रीटचा पश्चिम भाग उचलला गेला, इथे साडेसहा मीटर, काही ठिकाणी नऊपर्यंत. त्याच भूकंपाच्या लाटा पार अलेक्झांड्रियावर जाऊन आदळल्या. पण बंदर त्याच्या कितीतरी आधी निकामी झालं होतं. रोमन आले तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडाशी मोठमोठे दगड टाकून वाट बुजवली. त्यानं त्या दोराच्या भोकात हात घालून बघितला होता. आतून गुळगुळीत आहे म्हणाला. माझ्या मनात आलं, हा हात घालून बघत होता तेव्हा मी रस्त्यावर उभी होते.

काय लागलं मला नेमकं? तो गेला ते नाही. त्याला आवडलं ते तर नाहीच, त्यासाठीच आलो. माझ्या नसण्यानं बरं वाटलं, हे लागलं. म्हणजे मी असते तेव्हा बरं नसतं? मार्चपासून मी त्याच्याभोवती आहे. खाल्लंस का, झोप लागली का, कुणाचा फोन होता, आवाज असा का येतोय. त्या कंपनीनं त्याला ज्या तऱ्हेनं... जाऊ दे, ते आज नको. कुणीतरी लक्ष ठेवायलाच हवं होतं, आणि घरात मीच होते. मी ते पुन्हाही करेन. पण ज्याच्यावर सतत कुणाची नजर आहे, त्याला दगडांत एकटं हिंडताना कसं मोकळं वाटलं असेल, ते मला कळतं. कळतं आणि तरी घशाशी येतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माझ्यापासून सुट्टी! दादरच्या घराचं काय करायचं तेही मीच एकटीनं ठरवतेय, पण ते एकटेपण निराळं.

डोळे भरून यायला लागले म्हणून पाण्यात शिरले. शिरीषला पोहता येत नाही. लाटा पश्चिमेकडून येत होत्या, पाणी बरंच आतपर्यंत उथळ. पोहत पोहत छत्र्या बारीक होईपर्यंत गेले आणि उताणी पडले. कान पाण्यात. खालून वाळू सरकल्याचा खरखर आवाज येत होता, बाकी काही नाही. किती वेळ पडून होते कोण जाणे. आई, मुक्ता, घर, मार्च, काही म्हणजे काही आठवलं नाही. शिरीषही नाही. सूर्य पायांच्या बोटांच्या मधोमध होता आणि मला इतकं बरं वाटत होतं की मोठ्यानं ओरडले, अंगणात खेळताना ओरडायचे तशी.

बाहेर आले तर तो टॉवेल घेऊन पाण्याच्या कडेला उभा. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. "फार आत गेलीस," म्हणाला. तोही काळजीत होता तर! "कसं होतं पाणी?" "छान," मी म्हटलं. त्या उताणं पडण्याबद्दल काही सांगितलं नाही, ओरडल्याबद्दलही नाही. आता लिहिताना लक्षात येतंय की सांगावंसं वाटलंच नव्हतं. ते माझं होतं. त्यानं तर निदान येऊन सगळं सांगितलं, अगदी दगडाच्या भोकापर्यंत.

सूर्य पावणेआठच्या सुमाराला बुडाला. शेवटी खालून चपटा झाला, पाण्याला टेकल्यावर दोन-तीन मिनिटांतच गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुंदर होता. आम्ही दोघं एकाच खाटेवर बसलो होतो आणि दुसरीवर त्याचा ओला पायजमा वाळत होता.

प्लातानोसला जेवलो. दाकोस म्हणजे जवाचे कडक पाव, वर किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज. त्याला फार आवडतं, माझ्या दाताला झेपत नाही. जेवणानंतर न मागता राकी आली, इथली द्राक्षांची कडक दारू. गाडी त्याला चालवायची होती, म्हणून माझी मी प्यायले आणि त्याचीही. त्याच बळावर असेल, किसामोसच्या अलीकडे म्हटलं, उद्या तू बालोसच्या किनाऱ्यावर एकटा जा. किसामोसहून बोट सुटते. मला दुपारभर हानियाच्या जुन्या बंदरावर बसायचंय, दीपस्तंभापर्यंत चालत जायचंय, माझी मी.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, आता याला लागलं.

मग म्हणाला, "बोट परत यायला संध्याकाळ होईल. जेवायला कुठे भेटायचं ते आत्ताच ठरव."